लंगडीचं शेवटचं अंडं

प्लास्टरमामांना खरं नाव होतं, पण हॉस्पिटलच्या हजेरीपटाबाहेर ते कधी कुणाला लागलं नाही. हाडांच्या वॉर्डाच्या टोकाला पांढऱ्या धुळीने माखलेली एक खोली, तिच्यात एक टेबल, एक बादली, पट्ट्यांचं कपाट आणि मामा. एकतीस वर्षं त्यांनी तिथे माणसांच्या हातापायांना प्लास्टर घातलं आणि तारीख आली की कापून काढलं. प्लास्टर कापायची विजेची करवत कानठळ्या बसतील असा आवाज करते, पण कातडीला ओरखडाही काढत नाही, कारण तिचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. हे घाबरलेल्या माणसाला सांगून पटत नाही. म्हणून मामा आधी ती स्वतःच्या तळहातावर टेकवून दाखवायचे आणि म्हणायचे, "बघा, नुसता आवाज मोठा. अगदी आमच्या घरातल्यासारखा." घरातला आवाज म्हणजे त्यांची बायको. हा विनोद कुणीतरी तिच्यापर्यंत पोचवला होता आणि त्यावरून मामांना बरीच वर्षं ऐकून घ्यावं लागलं.

कामात मामांचे दोन नियम होते. ओलं प्लास्टर घातलं की पहिला दिवसभर दर तासाला पेशंटची बोटं बघायची. नख दाबायचं, सोडायचं, गुलाबी रंग परत येतो का ते पाहायचं. आत सूज आली आणि प्लास्टर आवळलं तर बोटं आधी सांगतात, पेशंट नंतर बोंबलतो. दुसरा नियम तारखेचा. प्लास्टर वाळलं की त्यावर पेन्सिलीने दोन तारखा लिहायच्या, घातल्याची आणि काढायची. काढायच्या तारखेच्या आधी कोणी हातापाया पडलं तरी करवत हातात घ्यायची नाही. एका नवरदेवाने लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांचे अक्षरशः पाय धरले होते. मामा बधले नाहीत. तो तसाच प्लास्टर घालून बोहल्यावर चढला आणि फोटोत तेवढा हातच ठळक आला.

हा दुसरा नियम मामांनी आयुष्यात एकदाच मोडला, आणि तोही घरच्याच माणसासाठी.

मुलगी दहा वर्षांची असताना जिन्यावरून पडली आणि उजव्या हाताची दोन्ही हाडं मोडली. मामांनी स्वतः प्लास्टर घातलं, स्वतः तारखा लिहिल्या. शेवटच्या आठवड्यांत शाळेची सहल निघाली. "काढा ना, बाबा," पोरीने धोशा लावला. आत खाज सुटते, सगळ्या जणी जाणार, मी एकटीच राहणार. रडून रडून तिने डोळे सुजवून घेतले. मामांनी विचार केला, लहान मुलांची हाडं लवकर जुळतात, आपण हजारो पाहिली आहेत. एका रविवारी त्यांनी खोलीची किल्ली घेतली, पोरीला नेलं आणि प्लास्टर कापलं. सहलीत ती एका लोखंडी दांड्याला लोंबकळली. हात पुन्हा वाकला. एक्सरे बघून डॉक्टर मामांना एवढंच म्हणाले, "मामा, तुम्ही असं करावं?" हाड पुन्हा बसवलं, पण हात पहिल्यासारखा झाला नाही. तिचा उजवा तळहात आजही पूर्ण उताणा होत नाही, अर्ध्यावर अडतो.

घरी मामा म्हणाले, "डॉक्टरांनीच काढायला सांगितलं होतं." तोंडून निघून गेलं. नंतर ते परत घ्यायला धीर झाला नाही. बायको तडक हॉस्पिटलात गेली आणि भर ओपीडीत, शंभर माणसांसमोर, तिने डॉक्टरांना फाडून खाल्लं. डॉक्टरांनी एकदा मामांकडे पाहिलं. मामा हातात बादली घेऊन उभे होते. "माफ करा, ताई," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. मामा आणि डॉक्टर दोघेही निवृत्त झाले. मुलगी औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करते. गिऱ्हाइकाने सुटी नाणी हातावर ठेवली की घरंगळतात, म्हणून ती डावा हात पुढे करते. घरी कधी तिच्या हातून काही निसटलं की आई आतून म्हणते, "त्या मेल्या डॉक्टरचं वाटोळं होवो." मामा अशा वेळी वर्तमानपत्र तोंडासमोर धरतात.

आता लंगडीचं. तीन वर्षांपूर्वी मुलीला रस्त्यावर पाय मोडलेली एक तांबडी कोंबडी सापडली. मामांनी तिच्या पायाला करंगळीएवढं प्लास्टर घातलं आणि त्यावर तारखाही लिहिल्या. कोंबडी वाचली, पण लंगडत राहिली, म्हणून लंगडी. मुलगी दुकानातून आली की ती फाटकापासून तिच्या मागे मागे यायची. यंदा लंगडी सहा अंड्यांवर बसली आणि पाचव्या दिवशी कुत्र्याने तिला उचललं. मुलगी रडली नाही. तिने थर्माकोलच्या खोक्यावर झाकण म्हणून काच बसवली, आत बल्ब लावला, पाण्याची वाटी ठेवली आणि सहाही अंडी त्यात मांडली. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने दोन तारखा लिहिल्या. हे ती कुणाकडून शिकली ते उघड होतं. बल्बसमोर धरून पाहिल्यावर चार अंडी पोकळ निघाली. पाचव्यातला जीव मध्येच थांबला. उरलं एक.

मग एका दुपारी, बरोबर एकविसाव्या दिवशी, त्या एकाला टोकाशी टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडलं आणि आतून चोच दिसली. सगळं घर खोक्याभोवती जमलं. पहिलं भोक पाडल्यावर पिल्लू चांगलं दिवसभर थकून पडून राहतं, असं मुलीने सांगितलं. आतलं रक्त आणि बलक त्याच्या अंगात ओढला जाईपर्यंत त्याला घाई नसते, आणि आपणही करायची नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुकानात जावंच लागणार होतं. निघताना ती म्हणाली, "बाबा, लक्ष ठेवा. पण अंड्याला हात लावायचा नाही. काही झालं तरी नाही."

"मी लावीन हात?" मामा म्हणाले. "मला सांगतेस?"

आणि मामांनी खरंच अंड्याला हात लावला नाही. खोक्यासमोर खुर्ची घेऊन ते बसले. अडचण एकच होती. आतल्या वाटीतल्या पाण्याची वाफ काचेवर जमून काच दुधाळ झाली होती आणि काही दिसत नव्हतं. मग आठ वाजता मामांनी काच उचलली, पिल्लाची चोच हलते आहे ते पाहिलं, काच ठेवली आणि कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहिलं, "८.०० – चोच हलते. आवाज चांगला." नऊ वाजता पुन्हा. दहा वाजता पुन्हा. मध्येच राहवलं नाही तेव्हा साडेदहालाही. प्रत्येक वेळी दोनेक मिनिटं काच हातात धरून ते टक लावून पाहत राहायचे, कारण बोटं बघायची तर नीट बघायची, उरकून टाकायची नाहीत.

"अहो, ते अंडं आहे, तुमचा पेशंट नाही," बायको पोळपाट घासता घासता म्हणाली.

"पेशंटच आहे," मामा म्हणाले. "फक्त नाव लागलेलं नाही अजून."

"१२.०० – आवाज कमी." "१.०० – चोच हलते, पण भोक तेवढंच." "१.३० – आवाज नाही. खोक्यावर टिचकी मारल्यावर एकदा." हे शेवटचं लिहिताना मामांचं अक्षर वाकडं आलं. भोकाच्या कडेने आतला पडदा दिसत होता. सकाळी तो पांढरा आणि ओलसर होता. आता जुन्या कागदासारखा पिवळट दिसत होता. हे चांगलं की वाईट ते त्यांना कळेना.

दोन वाजता मुलगी आली. चपला काढायच्या आधी तिने खोक्याकडे पाहिलं, मग मामांचा कागद उचलला आणि वाचत गेली. वाचता वाचता थांबली.

"बाबा, काचेवर तर वाफ असते. तुम्ही पाहिलंत कसं?"

"काच उचलून."

"दर तासाला?"

कागदावर दहा नोंदी होत्या.

मुलीने काच उचलली आणि अंडं बाहेर काढलं. पडद्याला तिने बोटाचं टोक लावलं आणि तिचा चेहरा उतरला. "वाफ बाहेर गेली, बाबा. आतला पडदा सुकला. तो पिल्लाच्या अंगाला घट्ट चिकटलाय. त्याला आता वळता येत नाही." आवाज चढवायचा नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं, आणि त्यामुळे मामांना जास्त लागलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

प्लास्टर आवळलं होतं. मामांना ते दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आत जिवंत काहीतरी होतं, बाहेरचं आवळत चाललं होतं आणि बोटं बघायच्या नादात ते त्यांनीच आवळलं होतं.

"त्याला आपोआप येता येणार नाही आता," मुलगी म्हणाली. "सोडवावं लागेल. तुम्ही करा."

"मी नाही."

"बाबा, तुमचा हात—"

"माझ्या हाताला काही सांगू नकोस. मी नाही करणार. अजून आत रक्त असेल, बलक असेल. लवकर उघडलं तर मरेल ते. तूच सांगितलंस ना?"

"उशीर केला तरी मरेल."

मामांनी हात मागे बांधले. त्या क्षणी त्यांना त्या रविवारची खोली दिसत होती, बंद खिडकी, टेबलावर पाय हलवत बसलेली दहा वर्षांची पोरगी आणि स्वतःच्या हातातली करवत. मुलीने त्यांच्याकडे दोन क्षण पाहिलं आणि मग टेबलाशी बसली. डाव्या हातात अंडं, उजव्या हातात चिमटा. चिमट्याचं टोक भोकाच्या कडेला आणायचं तर मनगट उताणं वळवावं लागत होतं आणि ते अर्ध्यावर अडत होतं. तिने कोपर वर उचललं, खांदा तिरका केला, मान वाकडी केली. कवचाचा कपचा निघाला, पण चिमटा घसरून पडद्यात घुसला. पडद्यावर लाल ठिपका आला. आतून पिल्लू एकदा ओरडलं, बारीक आणि तीक्ष्ण.

"थांब!" मामा म्हणाले. "थांब, दे इकडे."

त्यांनी खुर्ची ओढली, तिच्या हातातून अंडं घेतलं आणि लाल ठिपक्यावर कापसाचा बोळा हलकेच टेकवून धरला. मनात शंभर आकडे मोजले. रक्त थांबलं.

"आधी हात धुऊ दे," ते म्हणाले. "कोमट पाणी आण. नुसतं कोमट, चटका नको. तो टेबलावरचा दिवा इकडे घे. माझ्या पेटीतला बारीक चिमटा, लांब पायाचा. कापूस. आणि खोक्यातल्या वाटीत गरम पाणी भरून ठेव."

हे सगळं ते एका दमात बोलले. एकतीस वर्षं ते असंच बोलत आले होते. बायको आतून येऊन बघून गेली आणि एरवी एका शब्दाला दहा शब्द ऐकवणारी ती एकही न बोलता पाणी तापवायला गेली.

मामांनी पेन्सिल घेतली आणि अंड्याच्या जाड टोकाभोवती, भोकातून जाणारी एक रेघ आखली. प्लास्टर कापायच्या आधीही ते अशीच आखायचे. मग कापसाने पडदा भिजवला. थेंब चोचीत जाऊ नये म्हणून अंडं थोडं कलतं धरलं. पडदा भिजेपर्यंत थांबले. मग रेघेवरचा कवचाचा एक कपचा उचलला, तांदळाच्या दाण्याएवढा. थांबले, पडदा भिजवला, पुन्हा एक कपचा.

"दुखलं तर सांग हां," ते पुटपुटले. पेशंटशी बोलत राहिल्याशिवाय त्यांना काम जमतच नसे. करवतीच्या आवाजातही ते बोलायचे आणि पेशंटचा 'हो' किंवा 'आई गं' ऐकून हात चालवायचे. पिल्लू काही सांगत नव्हतं. ते गप्प होतं आणि मामांच्या कपाळावर घाम जमत होता.

चार कपचे निघाले. पाचव्याखाली पडद्यात दोऱ्याएवढी लाल शीर दिसली, भरलेली.

"रक्त आहे अजून," मामा म्हणाले आणि चिमटा खाली ठेवला. "परत खोक्यात."

"पण बाबा, ते गप्प आहे."

"रक्त आहे. परत खोक्यात."

काच बसली. वाफ धरली. तिघंही आता त्या दुधाळ काचेकडे बघत होते आणि कुणालाच काही दिसत नव्हतं. तीन वाजले. भिंतीवरचं घड्याळ बघून मामा सवयीने उठले आणि खोक्यापाशी गेले. मुलगी नुसती बघत राहिली. मामा परत येऊन खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. बायकोने त्यांच्यासमोर चहा ठेवला. तो तसाच निवला.

साडेतीनला मुलीने खोकं उघडलं, चटकन अंडं मामांच्या हातात दिलं आणि चटकन काच लावली. दिव्याखाली धरल्यावर शीर फिकट दिसली. अर्धी रिकामी झाली होती. पिल्लू जिवंत होतं आणि स्वतःचं रक्त स्वतःच ओढून घेत होतं. त्यांनी अंडं परत आत पाठवलं.

पाचला ती शीर दिसेनाशी झाली.

आता मामांनी खोक्याचं नाव काढलं नाही. भिजव, कपचा, थांब. भिजव, कपचा, थांब. रेघेने अर्धी फेरी झाली, मग पाऊण. चिमट्याच्या टोकाने त्यांनी चोचीभोवतीचा पडदा सैल केला आणि चोच मोकळी झाली. चोच उघडली नाही. मामांनी कापसाचं ओलं टोक चोचीच्या बाजूला टेकवलं. नख दाबून सोडल्यासारखं त्यांनी बोट एकदा हलकेच दाबलं आणि उचललं. चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"आहे," मामा म्हणाले. आवाज त्यांचा स्वतःचा वाटत नव्हता.

जाड टोकाची टोपी निघून आली. आत ओल्या कापसाच्या लगद्यासारखं काहीतरी मुडपून बसलेलं होतं, मान पंखाखाली अडकलेली. मामांनी पाण्याच्या थेंबाने मानेवरचा पडदा सोडवला. डोकं हळूच बाहेर आलं आणि कडेवर टेकलं. उरलं खालचं अर्धं कवच. त्यात पिल्लाचं पोट होतं.

पिल्लाने एकदा धडपड केली आणि ते निपचित पडलं.

"काढा ना," मुलगी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "थकलंय ते. एवढंच राहिलंय. काढा ना, बाबा."

मामांचा हात जागच्या जागी थांबला. आवाज अठ्ठावीस वर्षांच्या बाईचा होता, शब्द तेच. चिमट्याची दोन टोकं कवचाच्या कडेला टेकलेली होती. नुसतं दाबलं असतं तर सगळं एका दमात उघडलं असतं. करायचं होतं ते हातांना येत होतं आणि मनालाही तेच हवं होतं. पोरीला रडताना पाहणं त्यांना कधीच जमलं नव्हतं.

त्यांनी चिमटा टेबलावर ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "पोट अजून मिटलं नसेल. खालचं त्याचं त्याने काढायचं."

"आणि मेलं तर?"

"तर माझ्यामुळे मेलं म्हण. पण मी काढणार नाही."

खालच्या अर्ध्या कवचासकट पिल्लू खोक्यात गेलं. काच बसली, वाफ धरली. मुलगी भिंतीला टेकून जमिनीवर बसली. मामाही तिच्या शेजारी जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले, पण खुर्चीवर बसून हे बोलता येईल असं त्यांना वाटलं नाही.

"तुझं प्लास्टर डॉक्टरांनी काढायला सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "मीच काढलं. नऊ दिवस आधी."

मुलीने खोक्यावरची नजर काढली नाही. "माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"प्लास्टरवर तारीख होती की. तुम्हीच लिहिलेली. मी रोज मोजायचे. त्या रविवारी नऊ दिवस बाकी होते."

मामा तिच्याकडे वळले. "मग कधी बोलली का नाहीस?"

"मीच रडले होते ना. मी बोलले असते तर तुम्हाला कामावरून काढतील असं वाटायचं. मोठी झाल्यावर वाटलं, तुम्ही सांगाल कधीतरी." तिने उजव्या हाताने डोळे पुसले, वेड्यावाकड्या, तिच्या त्या पद्धतीने. "मी वाट बघत होते, बाबा."

कपबशी वाजली. दारात बायको उभी होती, हातात तीन कप. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"म्हणजे तो डॉक्टर," ती म्हणाली आणि थांबली. "मी शंभर माणसांत त्याला... आणि तुम्ही तिथे उभे होतात."

"हो."

"बादली घेऊन."

"हो."

तिने कप जमिनीवर ठेवले आणि ती आत गेली. नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला. मामांना वाटलं, आरडाओरडा होऊ दे, भांडी आपटू देत. काहीच आपटलं नाही. मुलीने त्यांची बाही धरून ठेवली होती, ते त्यांच्या खूप उशिरा लक्षात आलं.

साडेसहाच्या सुमारास खोक्यातून खडखड असा आवाज आला. मग गप्प. मग पुन्हा, जरा जोरात, रिकामी करवंटी फरशीवर गडगडावी तसा. मुलगी ताडकन उठली. मामांनी तिचा हात धरला. काचेमागे काहीतरी हललं, आपटलं, आणि मग पिल्लाने असा काही गळा काढला की आतला नळ बंद झाला.

"उघडू?" मुलीने विचारलं.

"नको," मामा म्हणाले. "वाळू दे त्याला. आज कुणी काही उघडायचं नाही."

त्या रात्री घरात जेवणं झाली, पण बोलणं झालं नाही.

सकाळी मुलीने काच काढली. पिल्लू वाळून गोळा झालं होतं, तांबूस, लंगडीच्याच रंगाचं. दोन पायांवर उभं राहत होतं, पडत होतं, पुन्हा उभं राहत होतं. शेजारी अर्धं कवच पडलं होतं आणि त्यावर 'काढायची तारीख' अजून स्वच्छ वाचता येत होती. मुलीने उजवा हात पुढे केला. तळहात उताणा होईना, म्हणून तिने तो पोटाशी टेकवून खोबण केली आणि पिल्लू त्यात बसलं. पडलं नाही.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. इस्त्रीची साडी नेसली होती, पायांत चपला होत्या. कालपासून ती मामांशी पहिल्यांदाच बोलली.

"त्या डॉक्टरांचं घर माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत आहे. कशाला?"

"माफी मागायची आहे."

मामांनी मान खाली घातली. "मी जातो एकटा. चूक माझी आहे."

"चूक तुमची, शिव्या माझ्या," ती म्हणाली. "एकटे जाऊन माझ्या शिव्या तुम्ही कशा परत घेणार? कधी जायचं ते सांगा. पुढच्या आठवड्यात?"

मामांनी पिल्लाकडे पाहिलं, मग मुलीच्या हाताकडे.

"आत्ताच," ते म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.